पस्तीस नव्हे, पास्तीस

गेल्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, सकाळी नऊच्या आत, कोपरखैरण्याच्या एका गाळ्यात पस्तीस पेस्ट्र्यांचा मैदा मळून तयार होता. ऑर्डर चार पेस्ट्र्यांची होती.

गाळा माझ्या शेजारणीच्या ताब्यात होता. नेरूळला आमची दारं समोरासमोर आहेत. ती रायगडच्या किनाऱ्यावरची, कोकणी मुसलमान. तिचा नवरा न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंगचं काम करतो. गाळा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ अशा दोघांच्या नावावर आहे. पूर्वी तिथे नळ-फिटिंगचं सामान होतं. तो धंदा बंद झाल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, शेजारीण तिथे बेकिंग करत होती. दिराला त्याच जागेत टाइल्सचं दुकान काढायचं होतं. घरात बसून ठरलं ते असं: एकतीस डिसेंबरपर्यंत तिला कायमची ऑर्डर मिळाली तर गाळा तिच्याकडे राहील, नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी किल्ली दिराला द्यायची. वाढदिवसाचे केक कायमच्या ऑर्डरीत धरायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

डिसेंबर निम्मा संपला तेव्हा एकच शक्यता उरली होती. महाप्याच्या आयटी पार्कमधल्या एका कॅफेने तिच्याकडून चार पेस्ट्र्या चाखण्यासाठी मागवल्या होत्या. त्या शनिवारी अकरा वाजता पोचवायच्या होत्या.

ही पेस्ट्री फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या गास्कनी भागातली. शेजारणीला ती एका फ्रेंच बाईंनी शिकवली. त्या मूळच्या त्याच भागातल्या. त्यांचा नवरा इंजिनियर, तीन वर्षांसाठी इकडच्या एका कंपनीत आला होता. दोघींची ओळख मासळी बाजारात झाली. बाईंनी बोंबील घेतले होते आणि ते साफ कसे करायचे हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारणीने बोंबील शिकवले, बाईंनी पेस्ट्री.

कृती लांबलचक नाही, पण सोपीही नाही. मैदा, अंडं, मीठ, पाणी, थोडं तेल. गोळा मळून वरून तेल लावून पाच-सहा तास ठेवायचा. मग टेबलावर चादर अंथरायची आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून तो गोळा मुठींवर घेत ओढत न्यायचा. लाटणं लागत नाही. टेबल भरेपर्यंत ओढायचा. पापुद्र्याखाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत, ही फ्रेंच बाईंची कसोटी. शेजारीण त्यासाठी माझ्याकडची रद्दी नेत असे. मथळा वाचता आला तर धरायचं नाही, बातमीचा टाइप वाचता आला पाहिजे, अशी दुरुस्ती तिने स्वतःच केली होती. पापुद्रा थोडा वाळला की त्यावर तूप शिंपडायचं, साखर भुरभुरायची, थर रचायचे, मध्ये सफरचंदाच्या चकत्या. उरलेले तुकडे वर चुरगळून फुलासारखे बसवायचे. गास्कनीत तुपाच्या जागी हंसाची चरबी वापरत आणि सफरचंदावर ब्रँडी शिंपडत. चरबीऐवजी तूप बाईंनी आपणहून सांगितलं. ब्रँडीचा त्यांनी उल्लेखच केला नाही, संत्र्याच्या फुलांचं पाणी घाल म्हणाल्या. तेही तिकडे चालतं. ते इकडे सहज मिळेना, म्हणून शेजारणीने केवड्याचं पाणी घातलं.

ओढायला चार हात लागतात. दुसरे दोन हात साताऱ्याकडच्या एका बाईंचे होते. त्या जावळी तालुक्यातल्या, नवरा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, राहायला कोपरखैरण्यातच. सणासुदीला त्या पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात. पोळीची कणीक तेल-पाणी लावून, तार येईपर्यंत तिंबायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. मैद्याचा हा गोळा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ही तर पोळीचीच कणीक. उगं अंडं घालून नासवली."

शेजारीण त्यांना वहिनी म्हणते, त्या तिला भाभी म्हणतात. मीही त्यांना वहिनी म्हणते. मी त्यांची पेपरवाली ताई. मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते.

पेस्ट्रीला तिकडे पास्तीस म्हणतात. गाळ्यात तिला पास्तीस कोणी म्हणत नव्हतं. पापुद्रा चादरीवर पसरला की ओढणीसारखा दिसतो, म्हणून दोघी त्याला ओढणी म्हणत. "आज किती ओढण्या?" "तीन." दीड वर्ष एवढ्यावर भागलं. मूळ नावाची गरज कॅफेच्या मॅनेजरला पडली. काउंटरवर खरं नाव पाहिजे आणि शेजारी एक कार्ड पाहिजे, त्यावर पेस्ट्री कुठली, कशी आली, चार ओळींत, असं त्याने कळवलं. कार्ड लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. शेजारीण त्या आठवड्यात सवय व्हावी म्हणून येता-जाता पास्तीस म्हणू लागली.

गुरुवारी दुपारी ती वाशीच्या फळबाजारात सफरचंदं घेत होती. तिथून तिने वहिनींना फोन केला. पुढचं बोलणं दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं. दोन्ही जबान्या जुळतात.

"वहिनी, शनिवारचे पास्तीस हायत. मैदा मळून ठेव."

"पस्तीस?"

"हां, पास्तीस."

"येवढं?"

"हां, तेवढंच. पण चांगले झाले पायजेत हां. गाळ्याचा सवाल हाय."

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. त्या दिवशी वहिनी अंड्याला हात लावत नाहीत. एरवी मैदा गुरुवारीच संध्याकाळी मळला गेला असता, शेजारीणही तिथे असती आणि चूक जागेवर कळली असती. वहिनींनी शुक्रवारी सकाळी सहाला आपल्या किल्लीने गाळा उघडला. एकट्याने होणार नाही म्हणून बिल्डिंगमधल्या दोघींना बोलावून घेतलं. अंडी कमी पडली तेव्हा नाक्यावरच्या दुकानातून आणखी आणवली.

शेजारीण आणि मी नऊच्या सुमाराला पोचलो. मला ओढण्याचं काम एकदा डोळ्यांनी बघून मग कार्ड लिहायचं होतं. गोळे परातींत होते, ताटांत होते, केकच्या पत्र्यांवर होते, ओव्हनच्या माथ्यावरही होते. सगळ्यांवर तेलाचा हात फिरलेला होता.

"या अल्ला," शेजारीण म्हणाली. "वहिनी, हे काय?"

"पस्तीस. मोजून घ्या."

"पस्तीस कोणी सांगितले?"

"तुमीच की. काल. मी दोनदा इचारलं."

"अगो, पास्तीस! पास्तीस बोलले मी! नाव हाय ते!"

"कुणाचं नाव?"

"ओढणीचं!"

वहिनींनी हातावरचा मैदा झटकला. "मग ओढणी म्हनायचं. दीड वर्स ओढणी, आन् ऐन येळेला पस्तीस. उद्या म्हनशीला, छत्तीस म्हंजी केक."

बिल्डिंगमधल्या दोघी हसल्या. शेजारीण हसली नाही. तिने मैद्याचा डबा उघडून बघितला. रिकामा होता. तूप पुरेसं होतं. सफरचंदं चार पेस्ट्र्यांपुरतीच होती.

"पुरनाला सुदिक चालायचं न्हाय," वहिनी म्हणाल्या. "अंडं हाय."

फ्रिजमध्ये बारा गोळे मावले. त्यातल्या चार गोळ्यांच्या पेस्ट्र्या शनिवारी सकाळी ताज्या करायच्या ठरल्या. उरलेल्या तेवीस गोळ्यांचे सफरचंद न घालता, नुसत्या तूप-साखरेचे पास्तीस करायचे, असं शेजारणीने ठरवलं. बिल्डिंगमधल्या दोघी थांबल्या. दुपारी एकला ओढायला सुरुवात झाली. पहिले तीन फाटले. नव्या दोघी पोळी हातावर थापतात तशी बोटं वापरत होत्या. वहिनी सारखं सांगत होत्या, "बोटं न्हाय गं, मूठ. नख लागलं का संपलं."

अडीचच्या सुमाराला दीर आला. जुम्म्याची नमाज उरकून, हातात मेजर टेप घेऊन. गाळ्याची मागची भिंत किती लांब आहे हे त्याला मोजायचं होतं. एकतीस तारखेला दोन आठवडे बाकी होते, पण सुतार त्या आठवड्यात मोकळा होता. टेबलाभोवती चार बायका पापुद्रा धरून उभ्या होत्या आणि मागच्या भिंतीकडे जायला वाट नव्हती.

"भाभी, काय लफडं हाय हे? कोणाचं लग्न हाय?"

"पस्तीस हायती," वहिनींच्या बरोबरची एक म्हणाली.

"पस्तीस नाय, पास्तीस," शेजारीण म्हणाली.

"म्हणजे काय?"

"नाव हाय, बाबा, नाव."

दिराने फोन काढला आणि शब्द शोधला. थोडा वेळ तो वाचत राहिला. मग त्याने पडदा भावजयीकडे फिरवला. त्यावर एक बाटली होती आणि शेजारी पिवळट पेल्याचं चित्र.

"भाभी, ही दारू हाय."

"कुठली दारू? केवडा हाय ह्याच्यात. ये, वास घे."

"मी घेईन गो वास. महाप्यात बोर्ड लागल्यावर कोण वास घेणार? वर पास्तीस, खाली तुझं नाव. आपले लोक काय बोलतील? भाईला सांगायला लागेल."

"सांग ना. पण आधी ते टोक धर, फाटतंय बघ."

त्याने टोक धरलं. दुसऱ्या हातात टेप होता, म्हणून तो वहिनींनी काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. तो पापुद्रा फाटला नाही. भिंत त्या दिवशी मोजली गेली नाही.

भावाला मात्र त्याने तिथूनच फोन केला. नवऱ्याचं आणि शेजारणीचं बोलणं पाच मिनिटं झालं. नवरा चिडला नव्हता. पदार्थात दारू नाही हे त्याला माहीत होतं. पण दारूच्या नावाची वस्तू आपल्या गाळ्यातून जाणार नाही, असं त्याने सांगितलं. नाव बदल, नाहीतर ही ऑर्डर सोड. ऑर्डर सोडली तर एकतीस तारखेला काय होणार हे त्याने सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती. दुसरीकडे मॅनेजरला मूळचंच नाव हवं होतं.

शेजारणीने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तुझं काम हाय हे. ह्याला दुसरं नाव हाय का ते बघ. पण खरं पायजे. मनातलं नको."

मी नेरूळला परतले आणि साडेतीन ते साडेसात शोध घेतला. जे सापडलं ते असं. पास्तीस हा शब्द त्या भागातल्या जुन्या भाषेतला, पीठ मळण्याच्या शब्दापासून निघालेला. बडीशेपेसारख्या वासाच्या दारूचं नावही तिकडच्याच बोलीतून आलं आणि त्याचा अर्थ मिश्रण, काला असा दिला जातो. पेस्ट्रीत ती दारू नसते. जवळच्याच एका भागात त्याच नावाचा फुगीर, पावासारखा केकही आहे. म्हणजे नाव एक, वस्तू तीन. आणि उलटही खरं होतं. या एकाच पेस्ट्रीला गावागणिक वेगळी नावं होती. काही ठिकाणी तिला क्रुस्ताद म्हणतात.

डेस्कवर दोन स्वतंत्र सूत्रांशिवाय नाव छापत नसत. एक सूत्र नेटवर मिळालेला छापील शब्दकोश. दुसरं सूत्र म्हणून मी फ्रेंच बाईंना निरोप पाठवला. त्या आता फ्रान्समध्येच आहेत. सव्वासातला त्यांचा आवाजी निरोप आला. त्यांच्या वडिलांकडच्या आजीच्या घरी पास्तीसच म्हणत. आईचं माहेर दुसऱ्या गावाला, तिथे क्रुस्ताद. आईच्या लग्नानंतर त्यावरून घरात बरीच वर्षं वाद चालला होता. पदार्थ तोच.

मूळ कुठलं, याचं उत्तर तेवढं सरळ मिळालं नाही. हे पातळ पापुद्र्याचं तंत्र स्पेनमधल्या मुसलमानांकडून डोंगर ओलांडून आलं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे. मोरोक्कोत आजही असे पापुद्रे करतात, हा त्यामागचा मुख्य आधार. ते कधी आलं, कोणी आणलं, याचा कागद कोणी दाखवत नाही. निदान मला सापडला नाही.

आठच्या आत मी पुन्हा गाळ्यात गेले. शेवटचे दोन पास्तीस ओव्हनमध्ये होते. तेवीसपैकी सात फाटून वाया गेले होते, सोळा झाले होते. दीर अजून तिथेच होता, खुर्चीवर बसून खात होता. मी क्रुस्ताद हे नाव सांगितलं.

"क्रुस्ताद," शेजारणीने म्हणून बघितलं.

"उस्ताद म्हना की," वहिनी म्हणाल्या. "सोपं पडंल."

दिराने फोनवर तोही शब्द शोधला. बाटली आली नाही.

कार्डाचा मसुदा मी तिथेच वाचून दाखवला. मुळाच्या ओळीवर शेजारीण अडली. आधी तिला मी ती गोष्ट तोंडी सांगितली होती आणि तिला ती आवडली होती. आता ओळीच्या शेवटी 'लेखी पुरावा आढळलेला नाही' असं होतं.

"हे कशाला? आमच्या लोकांनी नेलं, एवढंच लिही ना."

"नक्की नाही ते."

"सगळे बोलतात, तूच बोललीस."

"सगळे हा सोर्स नसतो."

"मग 'बोलतात' असं लिही."

"तेच लिहिलंय. पुढे पुरावा नाही हेही लिहिलंय."

"मंग माजं बी लिवा," वहिनी पत्रा पुसता पुसता म्हणाल्या. "सातारकडनं गेलं म्हनून. पोळीची कणीक अशीच तिंबत्यात. पुरावा म्हंजी ह्यो माजा हात."

"तुमचा पण एकच सोर्स झाला," दीर म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं हे पहिलंच वाक्य होतं, ज्यात गाळ्याचा विषय नव्हता.

सोळांपैकी तीन बिल्डिंगमधल्या दोघींनी नेले, चार वहिनींनी, एक मी. दिराने दोन डब्यात भरून घेतले. बाकीचे शेजारणीने आमच्या सोसायटीत वाटले. फ्रिजमधल्या बारांपैकी चार सोडून बाकीचे आठ गोळे रविवारी टाकून द्यावे लागले.

शनिवारी चार क्रुस्ताद अकराला दहा मिनिटं असताना महाप्याला पोचले. शेजारीण, वहिनी आणि मी, तिघी गेलो. एकाचं वरचं फूल गाडीत तुटलं होतं, ते तिने लपवलं नाही. मॅनेजरने एक कापून खाल्ला, दुसरा कापून स्वयंपाकघरातल्या लोकांना दिला. मग विचारलं, निरोपात पास्तीस होतं, इथे क्रुस्ताद कसं?

"दोन्ही बरोबर हायत," शेजारीण म्हणाली. "पास्तीस दारूचं पण नाव हाय. माझ्या गाळ्यातून ते जाणार नाय. क्रुस्ताद पायजे तर घ्या."

मॅनेजरने कार्ड वाचलं. क्रुस्ताद चालेल म्हणाला. त्याची हरकत नावाला नव्हती. "मॅडम, पुरावा नाही असं कार्डवर कोण लिहितं?" ते अर्धं वाक्य काढायचं तर मुळाची ओळच काढावी लागेल, असं मी सांगितलं. त्याने शेजारणीकडे बघितलं. ती म्हणाली, "दोन्ही राहू दे, नायतर दोन्ही काढ." दोन्ही राहिलं. पुराव्याचा भाग बारीक टाइपात घ्यायचं ठरलं.

तिसरा क्रुस्ताद कापून सगळ्यांपुढे ठेवला गेला. चौथा मॅनेजरने काउंटरवर ठेवला. दुपारभर एसीत राहिल्यावर त्याचं काय होतं हे त्याला बघायचं होतं. चारला त्याने फोटो पाठवला. वरचा भाग कुरकुरीत होता, तळ नरम पडला होता. फोटोबरोबर काही लिहिलेलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस उत्तर आलं नाही. त्या दिवसांत दीर दोनदा आला आणि भिंत मोजून गेला. शेजारणीने मोजायला दिली, टेपचं दुसरं टोक वहिनींनी धरलं. नळ-फिटिंगच्या वेळचे जे रॅक मागे पडले होते ते कोणाचे, यावर एकदा बोलणं झालं. केकच्या नव्या ऑर्डरी शेजारणीने एकतीस तारखेपुढच्या घेतल्या नाहीत.

उत्तर सोमवारी दुपारी आलं. आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि शुक्रवार, प्रत्येकी सहा क्रुस्ताद. मुदत तीन महिने. तळाचा प्रश्न होता म्हणून सकाळी साडेआठच्या आत पोचवायचे आणि दुपारी दोननंतर विकायचे नाहीत.

त्या रात्री नेरूळला जेवताना दीर म्हणाला की तीन महिने म्हणजे कायमचं नव्हे. शेजारीण म्हणाली, डिसेंबरात मिळाली ना ऑर्डर, बोलणं तेवढंच होतं. मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दारात उभं राहून सांगितलं. नवऱ्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि गाळा एकतीस मार्चपर्यंत तिच्याकडे ठेवला. दिराने तेवढ्यापुरती घणसोलीला दुसरी जागा भाड्याने बघायला सुरुवात केली आहे. कोपरखैरण्याच्या गाळ्यावरचा हक्क त्याने सोडलेला नाही.

पहिली खेप जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी सकाळी सव्वाआठला महाप्याला पोचली. सहा होते, सहाही अख्खे. दोनच्या आत पाच विकले गेले. एकतीस मार्चनंतर गाळा कोणाकडे राहील हे मी लिहीत असेपर्यंत ठरलेलं नाही.